कामावर सायकलने: निश्चय किती, व्यवस्था किती

सायकलवरून कामावर जाण्याविषयी बोलणे निघाले की बहुतेक जण निश्चयाची भाषा करू लागतात. ‘तुझी इच्छाशक्ती दांडगी आहे’, ‘आमच्याने नाही बुवा जमायचे’, अशी वाक्ये मी इतकी वर्षे ऐकत आले आहे की आता त्यांतल्या कौतुकापेक्षा त्यांच्या मुळाशी असलेल्या गैरसमजाची मला अधिक काळजी वाटते. केवळ निश्चयाच्या बळावर कोणीही वर्षानुवर्षे रोज सायकल चालवू शकत नाही. निश्चय आठवडा-दोन आठवडे पुरतो. त्यापुढे हा क्रम टिकतो तो आदल्या रात्री तपासून ठेवलेल्या चाकांतल्या हवेवर, कामाच्या ठिकाणी ठेवलेल्या कोरड्या कपड्यांवर आणि जिवाला घोर लावणार नाही अशा रस्त्यावर. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात आहेत, तिसरी नाही. या दोहोंची गल्लत झाली की ज्याला रस्त्याची रास्त भीती वाटते त्याला आपण आळशी ठरवतो, आणि ज्या अडचणी अर्ध्या तासाच्या तयारीने सुटल्या असत्या त्यांना डोंगराएवढ्या करून ठेवतो.

हातात असलेल्या गोष्टींपासूनच सुरुवात करते. त्यांत सर्वांत जास्त विचारली जाते ती घामाची अडचण, आणि ती खरीच आहे. आपले शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोहोचतो; उरलेल्याची उष्णता होते, आणि ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. सायकल चालत असते तोवर समोरचा वारा तो घाम वाळवत राहतो, म्हणून वाटेत तो फारसा जाणवत नाही. सायकल थांबली की वाराही थांबतो, पण तापलेले शरीर काही लगेच निवत नाही. त्यामुळे दाराशी उतरून कुलूप घालेपर्यंत आपण बऱ्यापैकी कोरडे असतो आणि जागेवर जाऊन बसल्यावर मात्र कपाळावरून, मानेवरून आणि पाठीवरून धारा सुरू होतात. नव्याने सायकलवर येऊ लागलेल्या कित्येकांना हे कोडे वाटते, आणि ‘मला घामच फार येतो’ असा निष्कर्ष काढून ते सायकल सोडून देतात.

यावरचा उपाय वेगाच्या हिशेबात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी 15 किलोमीटरऐवजी 20 किलोमीटर वेगाने जायचे ठरवले तर नुसत्या हवेशी झुंजण्यासाठी सव्वादोन पटींहून अधिक शक्ती लागते. मोबदल्यात मिळते काय? 8 किलोमीटरचे अंतर 32 मिनिटांऐवजी 24 मिनिटांत संपते. सकाळी आठ मिनिटे आधी निघणाऱ्याला ही किंमत मोजावी लागत नाही. शेवटची दहा मिनिटे तर मी ठरवून रमतगमत जाते, एक गिअर हलका टाकते, पाय नुसते फिरते ठेवते. तोवर शरीरातली बरीचशी उष्णता वाऱ्यावर उडून गेलेली असते. संध्याकाळी परतताना अशी कोणतीच अट नसते, तेव्हा हवे तेवढे दामटावे. सकाळची सायकल आणि संध्याकाळची सायकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा मनाने घेतले की निम्मी कुरकुर थांबते.

पाठीवरच्या पिशवीचेही तसेच आहे. पाठीला घट्ट चिकटलेली पिशवी घाम वाळू देत नाही, खांदे आखडवते आणि मागे वळून पाहताना आड येते. तेच ओझे कॅरिअरवर किंवा मागच्या चाकाशेजारी अडकवायच्या पिशवीत गेले की सायकल जड झाली तरी माणूस हलका होतो. कपड्यांचा आठवड्याचा जोड एकदाच नेऊन ठेवावा, डब्याशिवाय रोजचे ओझे नसावे, एवढी सोय झाली तर उत्तम.

सीटच्या उंचीविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे, कारण गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्यांपैकी अनेकांची सीट फार खाली असते. बसल्या जागेवरून दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर वाटतो, म्हणून सीट खाली ठेवली जाते. पण मग पायडल वर येते तेव्हा गुडघा फार दुमडतो आणि तशा दुमडलेल्या अवस्थेतच त्याच्यावर जोर पडतो. साधी पद्धत अशी की सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ झाला तर उंची बरोबर आहे. प्रत्यक्षात आपण चवड्याने पायडल मारतो, त्यामुळे चालवताना गुडघ्यात आपोआप किंचित बाक राहतो. याच्या जोडीला जड गिअरवर जोर लावून हळूहळू पाय मारण्याऐवजी हलक्या गिअरवर मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारण्याची सवय लागली की गुडघे तक्रार करायचे थांबतात. चढावर तर याला पर्यायच नाही. सायकल आणि सामान धरून 85 किलो वजन 5 टक्के चढावरून ताशी 10 किलोमीटर वेगाने वर न्यायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 115 वॅट लागतात. चढावर वेग कमी होतो याबद्दल वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. चढ सर्वांकडून सारखाच हिशेब मागतो.

आता पंक्चर. वेळेवर पोहोचायचे असताना वाटेत चाक बसणे यासारखी जिवाची तगमग दुसरी नाही, आणि या एका भीतीपायी कितीतरी जण कामाच्या दिवशी सायकल काढतच नाहीत. माझी स्वतःची भीती गेली ती पंक्चर काढायला शिकल्यावर नव्हे, पंक्चर वाचायला शिकल्यावर. ट्यूब बाहेर काढून तिच्यात थोडी हवा भरली आणि ती ओठांजवळून फिरवली की बारीक फुंकर कुठून येते ते ओठांच्या कातडीला लगेच कळते. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरकडच्या अंगाला, एकच छिद्र असेल तर काटा, खिळा किंवा काचेचा कण टायरमधून आत आला आहे. शेजारीशेजारी दोन छोटी भोके असतील तर दोष काट्याचा नसतो. हवा कमी होती, चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले आणि ट्यूब टायर आणि रिमच्या काठांमध्ये चिमटली गेली. आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडच्या अंगाला, छिद्र असेल तर रिमवरची पट्टी सरकून आऱ्याचे टोक घासते आहे का ते पाहावे लागते. तीन छिद्रे, तीन निरनिराळी कारणे; आणि कारण न पाहता नुसता पॅच लावून निघालेल्या माणसाला पुढच्याच वळणावर पुन्हा खाली उतरावे लागते.

म्हणून नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवणे हे माझ्या लेखी या सगळ्यातले सर्वांत मोलाचे काम आहे. ते घाईने करता येत नाही. बोट अगदी हलके ठेवून, इंच इंच पुढे सरकत, पूर्ण फेरा पुरा करायचा. बाहेरून काहीही दिसत नसते, आणि मग अचानक रबरातून वर आलेले तारेचे केसाएवढे टोक बोटाला खुपते. ते नखाने निघत नाही, चिमट्याने बाहेर ओढावे लागते. काढून तळहातावर ठेवले की एवढ्याशा तुकड्याने आपल्याला रस्त्याच्या कडेला बसवले याचे नवल वाटत राहते. हे सगळे व्हायला सरावाने पंधरा-वीस मिनिटे लागतात. एक जादा ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप आणि हात पुसायला एक फडके एवढी सामग्री सीटखालच्या पिशवीत मावते. ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही हळूहळू झिरपत असते, त्यामुळे आठवड्यातून एकदा हवा तपासली तर त्या चिमटलेल्या ट्यूबचा प्रकार जवळजवळ नाहीसा होतो.

पावसाबद्दल थोडक्यात सांगते, कारण पाऊस लोकांना वाटतो तेवढा मोठा शत्रू नाही. दोन्ही चाकांना लांब मडगार्ड असले तर निम्मा चिखल अंगावर येतच नाही. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ मिळून निसरडा थर तयार होतो, तेव्हा रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर ना ब्रेक लावावा ना हँडल वळवावे. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असताना आधी रिमवरचे पाणी पुसतात आणि मगच धरतात, म्हणून अंतर जास्त ठेवावे. घरी आल्यावर चेन पुसून तेलाचा एकेक थेंब सोडावा. पावसाचे इतकेच.

इथवरच्या सगळ्या अडचणी व्यवस्थेने सुटतात. इथून पुढच्या सुटत नाहीत, आणि सायकल सोडणारे बहुतेक जण मनातून घाबरलेले असतात ते याच कारणाने. मात्र बोलून दाखवताना ते घामाचे नाव पुढे करतात, कारण भीती कबूल करण्यापेक्षा घामाची तक्रार करणे सोपे असते.

भीती कशाची, ते नीट पाहिले पाहिजे. ताशी 15 किलोमीटरने जाणाऱ्या माणसाच्या हातभर अंतरावरून ताशी 50 किलोमीटरने गाडी जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तीच गाडी 30 ऐवजी 50 च्या वेगाने आदळली तर तिच्यात पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा असते. ही काही मनाची दुर्बलता नव्हे, साधे पदार्थविज्ञान आहे. सायकलस्वाराने यात काहीच करायचे नाही असे मात्र मी म्हणत नाही. उभ्या मोटारींच्या रांगेपासून एक मीटरहून अधिक अंतर ठेवून जावे, कारण त्यांतले कोणते दार कधी उघडेल याचा नेम नसतो. नेदरलँड्समध्ये मोटारचालकांना दाराकडच्या हाताऐवजी दूरच्या हाताने दार उघडायला शिकवतात, म्हणजे शरीर आपोआप मागे वळते आणि नजर येणाऱ्या सायकलीकडे जाते. वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नये, कारण चालकाला तो भाग दिसत नाही आणि वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. चौकात एखादी गाडी वळणार की सरळ जाणार हे तिच्या दिव्यांपेक्षा आणि चालकाच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या पुढच्या चाकावरून आधी कळते, म्हणून मी तिथेच डोळा ठेवते. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून जाणे सभ्यपणाचे वाटते, पण तिथे गटाराच्या जाळ्या असतात, काचा असतात, आणि मागच्या चालकाला वाटते की शेजारून निसटायला जागा आहे. थोडे आत, सरळ रेषेत, दुरून दिसेल असे चालवणे अधिक सुरक्षित असते. हेल्मेट मी घालते आणि दोन्ही दिवे दिवसाही लावते.

पण एवढे सगळे करूनही मी माझ्या वाट्याचीच काळजी घेतलेली असते. हेल्मेट किंवा दिवे रस्त्याची रुंदी वाढवत नाहीत आणि मागून येणाऱ्याचा वेग कमी करत नाहीत. सायकलस्वाराच्या अपघाताची बातमी आली की त्याने हेल्मेट घातले होते का, हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि त्या चौकाची रचना कोणी केली हा प्रश्न कोणाला सुचतही नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

विशेष म्हणजे चांगल्या रस्त्यांची मागणी संघटितपणे करणाऱ्यांत सायकलस्वार मोटारींच्या कितीतरी आधी होते. कार्ल द्राइसने 1817 साली पायाने ढकलायचे दुचाकी यंत्र चालवून दाखवले. जॉन केम्प स्टार्लीची जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली रोव्हर सायकल 1885 साली आली. आणि 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केलेल्या हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यानंतर सायकल चैनीची वस्तू न राहता कामावर जाण्याचे साधन होऊ लागली. अमेरिकेत 1880 मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने पक्क्या रस्त्यांसाठी चळवळ उभारली, ब्रिटनमध्येही 1886 पासून असेच प्रयत्न झाले. ज्या गुळगुळीत रस्त्यांवर आज सायकलला जागा नाही, त्यांचा आग्रह आधी सायकलवाल्यांनी धरला होता.

आणि हिरावलेली जागा परत मिळवता येते याचाही दाखला आहे. नेदरलँड्स हा जन्मजात सायकलींचा देश आहे, तिथे सगळे सपाट आहे, आपल्याला ते कसे जमणार, असे म्हणणे फार सोयीचे असते. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत गेले आणि सायकली मागे पडत गेल्या. 1971 या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत 400 हून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, मुलांचे बळी थांबवा अशी मागणी करणारी चळवळ उभी राहिली. त्यातच 1973 च्या तेलसंकटात सरकारने रविवारी मोटारींना बंदी घातली आणि लोकांनी रिकाम्या रस्त्यांवर सायकली चालवून पाहिल्या. पुढची अनेक वर्षे वेगळे मार्ग, कमी वेगाच्या वस्त्या आणि बदललेले चौक यांवर चिकाटीने काम झाले, तेव्हा आजचा तो देश दिसू लागला. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या काही रस्त्यांवर तर ताशी 20 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीला एकामागून एक हिरवे सिग्नल मिळावेत अशी जुळणी आहे. त्या लोकांची इच्छाशक्ती आपल्याहून दांडगी आहे असे मला वाटत नाही. सकाळी घराबाहेर पडल्यावर सायकल हाच त्यांना सर्वांत सोपा मार्ग वाटतो, कारण तो तसा करून ठेवलेला आहे.

मग इतके असताना मी सायकल का चालवते? आरोग्य हे एक कारण आहेच. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 2 लाख 60 हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका सुमारे 41 टक्के कमी आढळला. असा अभ्यास संबंध दाखवतो, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, हे संशोधकांनीही सांगितले आहे, आणि मी तो आकडा कोणाला भरीस घालण्यासाठी वापरत नाही. चालण्याला लागते तेवढ्याच कष्टात सायकल तिप्पट-चौपट अंतर नेते, हे त्याहून महत्त्वाचे, कारण ते रोज अनुभवाला येते.

पण जे मिळाले ते मोजमापात पुरते बसत नाही. गाडीत बसून जाताना अंतर म्हणजे फक्त वेळ असतो. सायकलवर अंतराला चढ-उतार असतो, वाऱ्याची दिशा असते, उन्हाची बाजू असते. ज्या रस्त्याला मी पूर्वी सपाट समजत होते तो एका दिशेला हळूच चढतो, हे मला पायांनी सांगितले. समोरचा वारा हा न दिसणारा चढच असतो, आणि चढाला निदान माथा तरी असतो. वाऱ्याशी भांडून उपयोग नसतो. गिअर उतरवायचा, पाठ थोडी वाकवायची आणि उशीर होणार हे मान्य करायचे. कामाच्या ठिकाणी ज्या गोष्टी माझ्याने बदलत नाहीत त्यांच्याशी वागण्याची जी थोडीफार रीत मला साधली आहे, ती मी इथेच शिकले असे मला वाटते. लक्ष देण्याची सवयही इथलीच. मागून येणारी गाडी जड आहे की हलकी, ती वेग वाढवते आहे की आपल्याला पाहून सावकाश झाली आहे, हे कानांना कळू लागते. फोन खिशात असतो आणि त्याला हात लावणे शक्य नसते, त्यामुळे दिवसातला तेवढा काळ मन एकाच कामात असते. माझ्या कामातले गुंते कित्येकदा त्या वेळात सुटले आहेत, मात्र त्यांचा विचार करत बसल्यामुळे नव्हे, विचार करायला उसंतच नसल्यामुळे.

माझ्याबरोबर काही महिने सायकलने येणाऱ्या एका सहकारी मैत्रिणीने अलीकडे येणे थांबवले. घाम, पाऊस, पंक्चर यांतल्या कशाचाही तिने बाऊ केला नव्हता. तिची सीट आम्ही दोघींनी मिळून बसवली होती आणि चेनची निगा ती माझ्यापेक्षा चांगली राखायची. तिच्या वाटेवर एक चौक आहे, जिथे दोन वेगवान मार्ग एकत्र येतात आणि सायकलस्वाराला त्यांच्या मधून पलीकडे जावे लागते. एका संध्याकाळी तिथे एक गाडी तिच्या हँडलला घासून गेली. ती पडली नाही, तिला लागले नाही. दुसऱ्या दिवशी ती बसने आली आणि म्हणाली, ‘तो चौक आहे तसा असेपर्यंत मी येणार नाही.’ मी तिला धीर धर, सवय होईल, असे सांगितले नाही, कारण तिचे म्हणणे बरोबर होते. मी त्या चौकातून जात नाही, मला थोड्या लांबच्या पण शांत रस्त्याने येता येते, आणि या योगायोगाला माझा निश्चय म्हणवून घेणे मला पटत नाही.

आम्ही दोघींनी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. चौकाचा नकाशा हाताने काढून त्यावर तीन मागण्या खुणा करून दाखवल्या: एकत्र येणाऱ्या मार्गांवर वेगाची मर्यादा, सायकलसाठी उंच कडा असलेली वेगळी पट्टी, आणि सिग्नलवर सायकलला काही सेकंद आधी निघण्याची मुभा. उत्तर आले ते एवढेच, की त्या ठिकाणी सायकलींची संख्या नगण्य आहे. ती नगण्य का आहे, हाच तर आमचा मुद्दा होता. आता दुसरे पत्र लिहायला घेतले आहे. त्यासोबत आसपासच्या कार्यालयांतून, सुरक्षित वाट असती तर सायकलने आलो असतो असे म्हणणाऱ्यांच्या सह्या जोडणार आहोत, आणि सह्या गोळा करण्याचे काम मैत्रिणीने स्वतःकडे घेतले आहे.